नकटोबाच्या शेजारची खुर्ची

रविवार, १२ जून

आले बाई एकदाची ला पास शहरात! इथली हवा इतकी विरळ, की सामान घेऊन दोन गल्ल्या चढले तर तोंडाला फेस आला. घरमालकीण दोन्या पास्कुआला, म्हणजे पास्कुआलाबाई, दारातच उभ्या होत्या. कोकाच्या पानांचा चहा माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "हळू घे गं पोरी. इथं घाई करणाऱ्याला डोंगरच खाली बसवतो." बाई साठी ओलांडलेल्या, घेरदार झग्यामुळे दारात जेमतेम मावणाऱ्या, आणि डोक्यावरची गोल टोपी घरातसुद्धा न काढणाऱ्या. मला पाहताक्षणी आवडल्या.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीला गज आहेत, पण गजांमधून इयिमानी डोंगराचा बर्फ दिसतो, मग तक्रार कशाला? खाली चिमुकलं अंगण, त्याला लागून स्वयंपाकघर आणि दिवाणखाना, आणि दिवाणखान्यातूनच रस्त्यावर उघडणारं हिरवं दार. येण्याजाण्याची वाट तेवढी एकच.

भाडं ऐकून मला आधी संशयच आला. इतकं कमी का? तर बदल्यात एक काम आहे. दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही आहे, त्याखाली ब्लू-रे प्लेयर, आणि शेजारी काचेच्या पेटीत एक कवटी. कवटीला लोकरीची टोपी, काळा चष्मा, दातांत पेटती सिगारेट. इथे घरोघर अशी कवटी असते. तिला न्यातिता म्हणतात, म्हणजे नकटोबा. आमच्या तारिहाकडे ही चाल फारशी नाही, पण मी ऐकून होते. या नकटोबाचं नाव सेनोबियो. तो कुणाचा कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. दोन्या पास्कुआलांच्या सासूने त्याला घरी आणला, तेव्हापासून तो घर राखतो, हरवलेल्या वस्तू शोधून देतो आणि काही हवं असलं की स्वप्नात येऊन सांगतो.

आणि त्याला मालिकेचं वेड आहे! 'धुक्याचे वारसदार', म्हणजे सध्या उभा देश जी बघतोय तीच. दोन्या पास्कुआलांना मोतीबिंदू झालाय, पडदा धड दिसत नाही. सेनोबियो स्वप्नात येऊन कुरकुरला म्हणे, की आंधळीशेजारी बसून बघण्यात काय मजा, डोळस माणूस आण. तर रोज संध्याकाळी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून एक भाग बघायचा, हे माझं काम. आंधळा मागतो एक डोळा, म्हणतात ना, तशातली गत झाली.

अट एकच. त्याला सोडून पुढचं बघायचं नाही. मी म्हटलं, अहो, माझा नवरा मला सोडून पुढचं अख्खं आयुष्य बघायला निघून गेला, या अटीचं मोल मला नका सांगू. बाई पोट धरधरून हसल्या.

जून-जुलै म्हणजे इकडे ऐन थंडी. नऊ जुलैला हिवाळ्याची सुट्टी लागली की आई लुसेरोला घेऊन येणार. मग माझी पोर कायमची माझ्याजवळ. आठ वर्षांची आहे, आणि दोन वर्षं ती आईकडे राहते, मी तिला फक्त सणावाराला भेटते आहे. आता हे संपवायचं. त्यासाठीच आले आहे.

बुधवार, १५ जून

काम छान आहे. बाजारात दोन वीदाल, म्हणजे वीदालराव, यांची मालिका-सिनेमांच्या तबकड्यांची टपरी, तिथे मी विकायला बसते. अस्सल मालाची टपरी नव्हे हे सांगायला नको. म्हणून तर इथे रीत अशी, की गिऱ्हाइकासमोर तबकडी लावून दाखवायची. छोट्या टीव्हीवर थोडं इथलं, थोडं तिथलं, चित्र स्वच्छ, आवाज ठीक, मग पैसे. दोन वीदाल भले गृहस्थ, पण तोंड सतत चालू. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणेल तेवढं दाखव गं रोसाउरा. मालावर विश्वास नसला तरी चालेल, आपल्यावर पाहिजे."

घरचा टीव्ही म्हणजे मात्र मेजवानी. चित्र इतकं लख्ख की राणीच्या झग्यावरचा टाकान् टाका दिसतो, घोड्याच्या नाकपुडीतली वाफ दिसते. मालिकेतला ब्रेम नावाचा नावाडी माझा लाडका झालाय. सारखा हसतो, सगळ्यांना धुक्यातून पार नेतो. संध्याकाळी मी खुर्चीत बसते, नकटोबाची सिगारेट पेटवते आणि म्हणते, चला दोन सेनोबियो, झाली वेळ. आधी हसू यायचं. आता सवय झाली.

सोमवार, २० जून

सोमवार नकटोबांचा वार. दोन्या पास्कुआलांनी मेणबत्त्या लावल्या, कोकाची पानं ठेवली. मी माझ्याकडून एक फूल वाहिलं आणि मनातल्या मनात लुसेरोसाठी शाळा मागितली. दुपारी कोपऱ्यावरच्या शाळेतून निरोप, जागा आहे! काय म्हणावं याला? मी येऊन त्याच्या टोपीचा मुका घेतला. दोन्या पास्कुआला म्हणाल्या, "जपून हं. हा द्यायला जितका मोठा, तितकाच हिशेबाला पक्का."

त्याच्या काळ्या चष्म्यात सबंध पडदा उमटतो, दोन्ही भिंगांत एकेक इवलंसं राज्य. मला ते बघायला आवडतं.

शुक्रवार, २४ जून

काल सान हुआनचा सण, वर्षातला सगळ्यात थंड दिवस. बाजार लवकर ओस पडला. एक बाई आल्या, तिसरी तबकडी हवी म्हणाल्या, आणि बसल्याच. मागची तबकडी मधेच अडकली होती, आता पूर्ण बघितल्याशिवाय नेणार नाही. "कासेरीता," नेहमीच्या विक्रेतीला इथे असंच म्हणतात, "मी दुधाने पोळले आहे, ताकही फुंकून पिणार." आमची घरी तिसरी अजून अर्धीच झाली होती. मी पाठ फिरवायला हवी होती. नाही फिरवली. थंडी होती, टपरीत कोंडून बसलो होतो, आणि मला बघायचंही होतं. पूर्ण बघितली.

संध्याकाळी दोन्या पास्कुआला पावात सॉसेज घालून आणत होत्या, सान हुआनला घरोघर तेच. भाग चालू होता. नावाडी ब्रेम हसत हसत नावेत पाय टाकतो, आणि माझ्या तोंडून गेलं, अरे नको जाऊस, मरशील आता.

त्या जागच्या जागी थांबल्या. तुला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अंदाज. तेवढ्यात पडद्यावर ब्रेम मेला. नकटोबाच्या दातांतली सिगारेट अर्धी उरली होती, ती विझली.

दोन्या पास्कुआला ताटली खाली ठेवून म्हणाल्या, "घरात चोरी झाली." मला हसू आलं. कशाची चोरी? म्हणाल्या, "त्याच्या वाटणीची." मग मेणबत्ती लावून बसून राहिल्या. जेवल्या नाहीत. मला ओशाळल्यासारखं झालं, थोडा रागही आला. एका मालिकेपायी एवढं!

शनिवार, २५ जून

दिवाणखान्याला दार नाही.

मी झोपेत नाही, प्यायलेली नाही. सकाळी कामाला निघाले, तर जिथे हिरवं दार होतं तिथे भिंत. गिलावा केलेली, जुनी, ओल आलेली. मी ओरडले. दोन्या पास्कुआला आल्या, मी भिंत दाखवली, आणि त्या त्याच भिंतीतून बाहेर गेल्या आणि पाव घेऊन परत आल्या. त्यांच्यासाठी दार आहे. माझ्यासाठी नाही.

मग त्यांनी सांगितलं. नकटोबा घर राखतो म्हणजे कसं राखतो? चोराला आत येऊ देतो. बाहेर जाऊ देत नाही. त्यांच्या लग्नानंतर एकदा घरात चोर शिरला होता. सकाळी बघतात तर अंगणात उकिडवा बसून रडतोय, बाई दार दाखवा हो, पाया पडतो. दार समोरच होतं. सासूने पोलीस बोलावले नाहीत, नकटोबाची विनवणी केली. त्याला दया आली तेव्हा चोराला दार दिसलं.

त्यांनी माझा हात धरला, डोळे मिटायला सांगितलं आणि मला चालवत नेलं. डोळे उघडले तर मी स्वयंपाकघरात, हातात किटलीची मूठ. पुन्हा नेलं. पुन्हा किटली.

रविवार, २६ जून

स्वप्न दोन्या पास्कुआलांना पडलं, मला नाही. सेनोबियो म्हणाला, पहिल्यापासून लाव. शेवटपर्यंत. तोंड मिटून. मग बघू.

आठ तबकड्या. मी दिवसभर खुर्चीत बसून आहे. नऊ तारखेच्या आत संपतील. संपायलाच हव्यात. लुसेरो या घरात यायच्या आत मी इथून सुटलेली असायला हवी, कारण त्याचा काही भरवसा नाही.

त्याच्या चष्म्यात बघितलं. पडद्याचं प्रतिबिंब, माझं प्रतिबिंब, आणि माझ्या मागे हिरवं दार. उघडं. रस्त्यावरून एक बाई भाज्यांची टोपली घेऊन गेली. मी मान वळवली. भिंत.

मला भीती वाटते आहे. सरळ लिहून टाकते.

सोमवार, २७ जून

दोन वीदाल आले. मी दोन दिवस टपरीवर नाही म्हणून शिव्या द्यायला. "काय गं, सान हुआनची अजून उतरली नाही वाटतं?" सगळं सांगितलं. खोकला लागेपर्यंत हसले. विरळ हवा डोक्यात गेली म्हणाले. मग मनगट धरून मला दाराकडे ओढत नेलं. किटली. त्यांचं म्हणणं, मी स्वतःच्या पायांनी मागे वळते, दावणीची म्हैस वळावी तशी. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. दमले आणि धाप टाकत माझ्या खुर्चीत बसले. मालिका चालूच होती.

आणि दार आलं. हिरवं, पोपडे गेलेलं, खरं. मी धावले. कडीला बोटं लागली, कडी थंडगार होती, मी ती सरकवतसुद्धा होते —

मागून दोन वीदाल किंचाळले आणि खुर्चीतून उठले. माझ्या तळहाताखाली गिलावा.

ते पांढरेफटक पडले होते. म्हणत होते, त्याने मान वळवली, माझ्याकडे बघत होता. टोपी विसरून भिंतीतून निघून गेले. पुन्हा येणार नाहीत, मला माहीत आहे.

म्हणजे खुर्ची रिकामी नको. कुणीतरी बसलेलं हवं. दुसरं कुणीतरी. डोळस. दोन्या पास्कुआलांना बसवून पाहिलं, भिंत तशीच.

मंगळवार, २८ जून

आईला फोन केला. येऊ नका, लुसेरोला आणू नका, एवढंच सांगायचं होतं. आई म्हणते, टीव्हीचा आवाज कमी कर, नुसत्या तलवारी ऐकू येताहेत. मी किंचाळले. आई म्हणाली, हं, आता घोडे. टीव्ही बंद होता. मग संदेश लिहून पाठवला. लुसेरोने उलट विचारलं, आई, नुसते ठिपके का पाठवलेस?

माझं काही इथून बाहेर जात नाही. आवाजसुद्धा.

दोन्या पास्कुआलांना म्हटलं, तुम्ही करा. त्यांचं बोलणं जातं. त्यांनी गोड बोलून सांगितलं, की रोसाउराला कामाचा ताण आहे, सध्या येऊ नका, ऑगस्टात या.

बुधवार, २९ जून

काय करून बसलो आम्ही. परक्या बाईने फोन करून लेकीकडे येऊ नका म्हणायचं, आणि आईने गप्प बसायचं? माझ्या आईने? आज तिचा फोन आला होता. दोन्या पास्कुआलांना म्हणाली, "माझ्या पोरीला काय झालंय ते मी येऊनच बघते. आणि तुम्हालाही बघते." नऊ तारखेपर्यंत थांबणार नाही. लुसेरोची शाळा बुडवून उद्याच बसमध्ये बसणार. परवा सकाळी इथे.

तबकडी तिसरी. परवापर्यंत संपणार नाही. झोपले नाही तरी नाही.

गुरुवार, ३० जून

तो पडदा बघत नाही.

आज कळलं. पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे ना — तर तो माझा चेहरा बघतो. ब्रेम नावेत चढायच्या आधी माझा ओठ थरथरतो, आणि काचेत — पेटीत — त्याची मान माझ्याकडे. चष्म्यात पडदा नाही. मीच, दोन्ही भिंगांत. मी चेहरा दगडासारखा ठेवते. नाही ठेवता येत.

ब्रेम मेला की मालिका आपोआप सुरुवातीला जाते. पहिली तबकडी. पुन्हा पहिली. मला पुढे जाऊ देत नाही.

दोन्या पास्कुआला रडून रडून त्याला विनवताहेत. पानं, मेणबत्त्या, दारू. चोरासाठी सासूने केलं ते सगळं. स्वप्न पडत नाही.

आज एक विचार आला. लिहायचा नाही असं ठरवलं होतं. लुसेरो येईल, खुर्ची बघेल, बसेल — लहान पोर, समोर टीव्ही, बसणारच — आणि दार दिसेल. मला.

असा विचार आईच्या मनात येतो? आला. किती वेळ होता कुणास ठाऊक. मी स्वतःच्या थोबाडीत मारली. खुर्चीतून उठायचं नाही. ती आली तरी नाही. मी बसलेली असले की खुर्ची रिकामी नाही.

शुक्रवार, १ जुलै. सकाळ

दोन्या पास्कुआला बस थांब्यावर गेल्या, त्यांना तिथूनच परत पाठवायला. डोळ्यांना दिसत नाही, ओळखणार कशा? लुसेरोच्या लाल कोटाची खूण सांगितली आहे. घाईत गेल्या. कडी लावलेली ऐकू आली नाही.

मी खुर्चीत आहे. वही मांडीवर. नजर पडद्यावर ठेवून न बघता लिहिते आहे. लिहिलं की हात स्थिर राहतो.

तिसरी तबकडी.

गाडीचं दार वाजलं. टॅक्सी — ते थांब्यावरून टॅक्सीने — दोन्या पास्कुआलांची चुकामूक —

आईचा आवाज. भांडतेय, टॅक्सीवाल्याशी. पावलं, लहान —

आली. माझी सोनुली. केवढी उंच झाली. गळ्यात पडली, थंडगार गाल. मी नजर हलवली नाही. तिला कळत नाहीये मी का बघत नाही. माझ्या गुडघ्यावर चढून बसलीय.

पडद्याच्या काचेत मागचं दार दिसतंय. हिरवं, उघडं. आई पायरीवर, बोचकं ओढतेय.

म्हणजे आता लुसेरोही खुर्चीत. त्याची मान — तिच्याकडे —

पण नाही. नाही! लुसेरो चोर नाही. दोन्या पास्कुआला जातात, दोन वीदाल गेले, टॅक्सीवाला आत आला असता तर गेला असता. ज्याने चोरलं नाही त्याला दार आहे. मी उठायचं नाही, मी उठले की — मी बसून राहीन. तिने उतरायचं, चालत जायचं, आजीचा हात धरायचा. एवढंच.

देवा, एवढं सोपं.

कानात सांगितलं, आवाज न करता. ऐकू गेलं तिला! आतल्या आत आवाज जातो. जा सोने, आजीकडे जा, बाहेर थांबा, आई येते. मान डोलावली. उतरली. शहाणी माझी बाय. तीन पावलं, चार. उंबऱ्याशी आहे. मी रडत्येय, पण नजर पडद्यावर. ब्रेम हसतोय. नावेकडे चाललाय. जा बाळा, जा —

थांबली.

का थांबली? वळली. पडद्याकडे बोट. हसतेय, टाळ्या वाजवतेय — म्हणते, "आई, हे तर काल बसमध्ये लावलं होतं! आम्ही सगळं बघितलं! तुला सांगू, आता तो नावाडी ना —"

लुसेरो गप्प ब